पेंव, टिंबासकट

रात्री साडेदहाला शेवटचं पान येतं माझ्या टेबलावर,
सांगली आवृत्ती, पान तीन.
मथळा : शहरात अभ्यासिकांचे पेव फुटले.
वार्ताहर नवा आहे, मूळचा जतकडचा, हुशार.
विचारलं, पेव म्हणजे काय रे?
म्हणाला, म्हणजे… पीक. सुळसुळाट. तसलंच काहीतरी.
आणि चहा सांगायला गेला.

चूक नव्हती. मी पेन्सिल खाली ठेवली.

हरिपूरला, संगमाच्या अलीकडं,
आमच्या घरामागं जमीन पोकळ होती.
पळत गेलं की तळव्यांना कळायचं
कुठं भरलंय, कुठं रिकामं.
तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम उतरेल असं,
आत मात्र रांजणासारखं फुगत गेलेलं, तीन पुरुष खोल.
तळाला पाचट, कडेनं पाचट, मधे हळद,
वर माती लिंपून गप्प केलेली.
आदगोंडाअण्णा भावाची वाट बघत बसायचे,
वर्ष, दोन वर्षं, कधी तीन,
अण्णांचे केस पिकले तरी
हळद खाली अंधारात तशीच पिवळी.

माझा बाप, शिदराम, उतरणारा.
तोंड फोडलं की लगेच उतरायचं नाही,
पेवाला आधी श्वास घेऊ द्यायचा,
मग दोरानं कंदील सोडायचा.
"कंदील इझला तर माणूस इझंल."
एवढंच त्यानं मला शिकवलं.
बाकीचं शाळेनं.
संध्याकाळी यायचा तो भुवयांपर्यंत पिवळा,
शेजारची हौसाक्का दारातून ओरडायची,
"आला गं तुजा नवरदेव, रोज हळद लागतीया ह्याला!"
आई त्याची बंडी वेगळी धुवायची
आणि हसायची नाही.

जुन्या कोशात शब्द सापडतो, टिंबासकट : पेंव.
धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा.
खाली, बारीक अक्षरात, फुटणे.
पण लपवायचा शब्द उधळायचा कसा झाला,
ते कोश सांगत नाही.
कुठल्याशा दुष्काळात कुणी रात्री तोंड फोडलं असेल,
बायका घागरी रिकाम्या करून धावल्या असतील,
आणि पोटभर जेवलेलं कुणी
सकाळी म्हणालं असेल : फुटलं, फुटलं!
असेल. मला एवढाच इतिहास सुचतो.

मी पाहिलं ते पुराच्या साली.
आवाज झाला नाही.
परसातली जमीन बसली, पाण्याला मोठमोठे बुडबुडे आले,
मग कृष्णेच्या गढूळ पाण्यात एक पिवळी रेघ,
मग दुसरी,
मग रेघा राहिल्याच नाहीत.
शाळेच्या गच्चीवरून बाप बघत होता.
"फुटलं," म्हणाला.
एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द
मी पहिल्यांदा ऐकला.
पाणी ओसरल्यावर वास महिनाभर राहिला,
आणि दोर खुंटीला लागला तो लागलाच.

त्याच आठवड्यात आमच्या पहिल्या पानावर होतं :
आश्वासनांचे पेव फुटले.
मी तेव्हा नुकती लागले होते कामाला.
शुद्धलेखन बरोबर होतं.
सोडलं.

आज पेन्सिल उचलली आणि प वर,
मात्रेला लागून, एक टिंब दिलं.
एवढंसंच, एक माणूस जेमतेम उतरेल असं.
म्हटलं, असू दे एका रात्रीपुरतं उघडं,
कुणाला वाटलं तर कंदील सोडून बघेल.

मुलाणी ऑपरेटर आतून ओरडला,
"ताई, हे टिंब चुकून पडलंय काय?"
नियमानं चुकूनच होतं. साठ वर्षं झाली तो नियम होऊन.
काढ म्हटलं.
वार्ताहरानं चहा आणला होता, तो गार झालेला.

सकाळी अंकात शब्द आला, तोंड लिंपलेला,
वरून कुणालाही
चालत जाता येईल असा.